कोकणातल्या बंदरात एक खिडकी रिपोर्टिंग: सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे कोकणातल्या एका खाजगी बंदराच्या मरीन विभागात दोन वर्षं काम करतात. जहाजांचं सगळं रिपोर्टिंग यापुढे राष्ट्रीय एक खिडकी पोर्टलवरून करायचं ठरलं आहे आणि ते मार्गी लावायची जबाबदारी त्यांच्यावर आली आहे. जहाजांचे एजंट (जहाजमालकाच्या वतीनं बंदरातली कामं पाहणारे) म्हणतात, काम दुप्पट होईल, कारण कस्टमला आणि इमिग्रेशनला कागद लागणारच. व्यवस्थापनाला मात्र सहा महिन्यांत सगळं चालू झालेलं हवं आहे. सुरुवात कुठून करावी, सहा महिन्यांत होईल का आणि एजंटांचं पुढे काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी सव्वीस वर्षं जहाज एजन्सीत आहे. पहिली सात मुंबईत गेली, पुढची सगळी रत्नागिरी-जयगड पट्ट्यात. कागदावरून पोर्टलवर जाण्याचा काळ दोनदा एजंट म्हणून अनुभवला आणि एकदा एका बंदराच्या बाजूनं बसून ते काम केलं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पोर्टल कसं बसवायचं असं तुम्ही विचारलं आहे, पण तुमची खरी अडचण तिथे नाही. पोर्टल दिल्लीतून येतं, लॉगिन मिळतं, प्रशिक्षणाचा एक दिवस होतो. पोर्टलवर आलेल्या माहितीच्या भरवशावर कुठला अधिकारी कुठला निर्णय घेणार, हे तुमच्या बंदरात अजून ठरलेलं नाही आणि खरं कोडं तेच आहे. ते ठरेपर्यंत एजंट म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. काम दुप्पटच होणार. त्यांच्या तक्रारीला कुरकुर समजू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण बैठकीत तुम्हाला ती लागेल. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सागरी वाहतूक सुलभीकरणाचा करार १९६५ चा, अमलात आला १९६७ मध्ये. सगळे त्याला फाल करार म्हणतात. बंदरात येणाऱ्या जहाजाकडून काय काय मागायचं याचे सात ठरावीक फॉर्म त्यातून आले: सामान्य घोषणापत्र, मालाचं घोषणापत्र, जहाजावरच्या साठ्याचं, खलाशांच्या खाजगी सामानाचं, खलाशांची यादी, प्रवाशांची यादी आणि धोकादायक मालाची यादी. ८ एप्रिल २०१९ पासून ही माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं घेणं-देणं सदस्य देशांवर बंधनकारक झालं. १ जानेवारी २०२४ पासून त्यासाठी एकच सागरी खिडकी असणंही बंधनकारक झालं. त्यामागचं तत्त्व साधं आहे: जहाजानं माहिती एकदाच द्यावी आणि ज्या ज्या सरकारी खात्याला ती हवी त्यानं तिथूनच घ्यावी. भारत या करारात आहे, म्हणून हा विषय आज ना उद्या आपल्या दारात येणारच होता.

गोंधळ होतो तो नावांचा. आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना लोक सर्रास एक खिडकी म्हणतात. कस्टमची आइसगेट आणि २०१६ पासून तिच्यावर चालणारी स्विफ्ट ही मालासाठीची खिडकी आहे. आयातदाराचं बिल ऑफ एंट्री, अन्नसुरक्षा, वनस्पती संगरोध वगैरे परवानग्या तिथे. बंदरांची पोर्ट कम्युनिटी सिस्टीम ही मुख्यतः व्यवहारासाठी: डिलिव्हरी ऑर्डर, गेट, बिलं. २०१८ च्या डिसेंबरात तिची नवी आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये त्याच वाटेवर राष्ट्रीय लॉजिस्टिक्स पोर्टलचा सागरी भाग आला. तिसरी गोष्ट जहाजाच्या रिपोर्टिंगची, म्हणजे फालमधली. आगमन, मुक्काम, प्रस्थान. तुमचं काम या तिसरीचं आहे. व्यवस्थापनाच्या डोक्यात बहुधा तिन्हींची सरमिसळ आहे. पहिल्याच बैठकीत एका कागदावर तीन चौकटी काढून दाखवा. नाहीतर चौथ्या महिन्यात कोणीतरी विचारेल, 'ट्रकचे गेट पास अजून यातून का निघत नाहीत?'

आता कशाकशावर अवलंबून आहे ते. तुम्ही बंदराचं नाव सांगितलं नाही, त्यामुळे काही गोष्टी मी ठाम सांगू शकत नाही. जयगडसारखं खोल पाण्याचं, बारमाही, परदेशी जहाजं थेट धक्क्याला लागणारं बंदर असेल तर एका जहाजामागे पूर्ण फालचा संच लागतो आणि फायदाही लगेच दिसतो. खाडीतली जेट्टी असेल, मोठं जहाज बाहेर नांगरावर आणि माल बार्जमधून येत असेल, तर मूळ जहाजाचं रिपोर्टिंग कदाचित दुसऱ्याच बंदरात झालेलं असतं आणि तुमच्याकडे फक्त बार्जच्या फेऱ्या. फिनोलेक्सची रनपारची जेट्टी किंवा दाभोळचं एलएनजी टर्मिनल यांच्यासारखी, ठरावीक मालाची ठरावीकच जहाजं येणारी जागा असेल तर काम सगळ्यात सोपं, कारण तीच जहाजं, तेच एजंट, तेच अधिकारी. अजून एक मोठा फरक: तुमच्याकडे कस्टम आणि इमिग्रेशनचा माणूस बंदरातच बसतो की रत्नागिरीहून किंवा अलिबागहून गाडीनं येतो? तो लांबून येत असेल तर तुमच्या प्रकल्पाचं सगळ्यात मोठं समर्थन तेच आहे. मोठ्या बंदरात एक कागद कमी झाला की दहा मिनिटं वाचतात. आपल्याकडे एक कागद कमी झाला की घाटरस्त्याची एक फेरी वाचते. पावसाळ्यात ती फेरी म्हणजे माणसाचा अर्धा दिवस.

सुरुवात फाइलींपासून करा. गेल्या वर्षातल्या दहा जहाजांच्या पूर्ण फाइली एजंटांकडून मागून घ्या. कोरे नमुने नकोत, भरलेल्या, शिक्के मारलेल्या फाइली हव्यात. मोठ्या टेबलावर पसरा आणि एक तक्ता करा: माहितीचा एकेक कण, तो कोण मागतं, कुठल्या कायद्यानं किंवा नियमानं, जहाज येण्याच्या किती आधी, आणि मिळाल्यावर तो अधिकारी त्याचं काय करतो. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एकाच फाइलीत जहाजाचं नाव, ध्वज आणि ढोबळ टनभार अकरा ठिकाणी सापडला. त्यात टनभार दोन ठिकाणी चुकलेला होता. आणि तीन फॉर्म असे निघाले की ते कोण मागतं हेच कोणाला सांगता येईना. वीसेक वर्षांपूर्वी कोण्या अधिकाऱ्यानं एकदा मागितले होते, तेव्हापासून प्रत्येक एजंट ते जोडत होता. असे फॉर्म पोर्टलवर चढवूच नका. कागदावरची अडगळ पोर्टलवर नेली की ती कायमची होते, कारण मग तिथे लाल चांदणी लागते आणि ती भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

तक्ता करताना दुसरी एक गोष्ट बाहेर येते. ती फार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकच गोष्ट प्रत्येक खातं वेगळ्या ओळखीनं ओळखतं. न्हावा शेव्याचा संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला कोड पाच अक्षरांचा आहे: आयएनएनएसए. कस्टमच्या यादीत त्यापुढे एक आकडा लागतो: आयएनएनएसए१. माणसाला हे एकच बंदर आहे हे कळतं, संगणकाला ती दोन बंदरं वाटतात. मागच्या दहा बंदरांची यादी भरताना अशी चूक झाली की माहिती परत येते आणि का परत आली हे कळायला अर्धा दिवस जातो. वेळेचंही तसंच. कॅप्टन ईटीए (पोहोचण्याची अपेक्षित वेळ) कधी जागतिक वेळेत देतो, कधी जहाजाच्या घड्याळाप्रमाणे, कधी आपल्या. साडेपाच तासांच्या फरकात आपल्या खाड्यांमध्ये जवळजवळ पूर्ण भरती निघून जाते. एकदा जहाजाच्या वेळेवर पायलट आणि टग तयार ठेवले आणि जहाज क्षितिजावरही नाही, हे मी पाहिलं आहे. तुमच्या बंदरात प्रत्येक वेळ भारतीय प्रमाणवेळेतच लिहायची आणि शेजारी तसा उल्लेख करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

जहाजाची खरी ओळख म्हणजे त्याचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक. नाव बदलतं, ध्वज बदलतो, हा बदलत नाही. सात आकडी असतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नी गुणायचं, बेरीज करायची, तिचा एकक स्थानचा आकडा सातव्याशी जुळला पाहिजे. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९, एककाचा ९, जुळला. हे गणित तुमच्या एक्सेलच्या नमुन्यात आधीच घालून ठेवा. पोर्टलवर चढवण्याआधीच चूक पकडली जाते. माझ्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो, कारण त्यातून त्याला कळतं की आपण आकडे नुसते टाइप करत नाही, तपासतोही.

आता समांतर चालवण्याचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी योजना अशी असते: काही महिने कागद आणि पोर्टल दोन्ही चालू ठेवू, सगळ्यांना सवय झाली की कागद बंद करू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. एका बंदरात मी हेच होताना दीड वर्ष पाहिलं, आणि त्या बंदराचं नाव घेणार नाही, कारण चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. दीड वर्षात झालं काय? अधिकारी कागदच बघत राहिले, कारण शिक्का कागदावर मारायचा होता. पोर्टलवरची माहिती कोणी उघडून पाहत नाही हे एजंटांना महिन्याभरात कळलं. मग पोर्टलवर भरण्याचं काम ऑफिसातल्या सगळ्यात नवख्या मुलाकडे गेलं. तो मागच्या जहाजाची माहिती उचलून नाव तेवढं बदलायचा. खलाशांची यादी जुनीच, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालं आहे तो आकडा) जुनाच. आणि जेव्हा वरिष्ठांनी एके दिवशी 'उद्यापासून कागद बंद' म्हणून सांगितलं, तेव्हा पोर्टलवर भरवसा ठेवावा असं काही उरलंच नव्हतं. आठवड्यात कागद परत आला. ज्या माहितीवर कोणी निर्णय घेत नाही ती माहिती सडते. माझ्या सव्वीस वर्षांतला हा सगळ्यात खात्रीचा धडा आहे आणि तुम्हाला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

म्हणून माझा सल्ला उलटा आहे. सगळी कामं अर्धी अर्धी पोर्टलवर नेऊ नका. एक काम निवडा आणि त्या एका कामाचा कागद पूर्ण बंद करा. त्या कामासाठी अधिकाऱ्यानं पडद्यावर पाहूनच हो किंवा नाही म्हटलं पाहिजे. बाकीची कामं तोवर जुन्या पद्धतीनं चालू द्या. एक पक्कं झालं की पुढचं. यात समांतर काळ असतोच, पण तो दोन-तीन जहाजांपुरता, आणि संपायची तारीख आधीच सगळ्यांना लेखी दिलेली.

पहिलं काम कुठलं? आगमनाची पूर्वसूचना आणि जहाजाचा कॉल नंबर, म्हणजे बंदराच्या त्या भेटीचा क्रमांक. बाकी सगळी माहिती त्या नंबराला बांधली जाते, त्यामुळे तो नंबर एकच आणि पहिल्यापासून तोच हवा. हे काम मुख्यतः बंदराच्याच अखत्यारीत येतं. दुसऱ्या कोणाची परवानगी न मागता तुम्ही स्वतः कागद बंद करू शकता. आपण आपला कागद आधी सोडला की मग कस्टमला विनंती करायला तोंड राहतं. सुरक्षेची ९६ तास आधीची पूर्वसूचना याच टप्प्यावर जोडून घेता येते, कारण तिच्यातली निम्मी माहिती तीच असते.

दुसरं काम खलाशांची यादी. इमिग्रेशन, कस्टम, पोर्ट हेल्थ, बंदराची सुरक्षा, सगळ्यांना ती लागते, आणि सगळ्यांना सारखीच लागते. इथे आमच्याकडे घडलेली एक गोष्ट सांगतो. कोळशाचं जहाज होतं, मागच्या बंदरात चार खलाशी बदलले होते. कॅप्टननं नवी यादी वेळेत पाठवली. आमच्या ऑफिसनं ती ईमेलनं तीन ठिकाणी पाठवली, चौथ्या ठिकाणी जुनीच राहिली. इमिग्रेशनचे अधिकारी लाँचनं जहाजावर गेले, शिडी चढले, आणि त्यांच्या हातातल्या यादीत नसलेली चार माणसं समोर उभी. त्यांनी काम थांबवलं. ते बरोबरच होते. परत येऊन कागद नीट करेपर्यंत वारा वाढला, लाँच सोडता येईना, आणि जहाज पुढचा दिवस नांगरावर डोलत राहिलं. चार्टररला, म्हणजे जहाज भाड्यानं घेणाऱ्याला, गेलेल्या दिवसाचा हिशेब द्यावा लागला. चूक पूर्णपणे आमची होती. पण ती चूक शक्य झाली, कारण एकाच यादीच्या चार प्रती चार ठिकाणी जगत होत्या. एक खिडकीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. यादी एकच असावी, बदलली की सगळ्यांसाठी बदलावी, आणि कोणी कधी बदलली ते दिसावं.

मालाचं मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावरच्या मालाची यादी, मात्र सगळ्यात शेवटी घ्या. व्यवस्थापन उलट म्हणेल, कारण त्यांना मालातच रस असतो. पण मॅनिफेस्ट सीमाशुल्क कायद्याच्या कलम ३० खाली येतं, ते कस्टमच्या प्रणालीत इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आधीच भरावं लागतं, चुकलं तर दंड आहे, आणि त्याचं उत्तरदायित्व जहाजाच्या एजंटावर. तिथे बंदरानं आपली वेगळी नोंद मागितली की दोन मॅनिफेस्ट तयार होतात, आणि दोन मॅनिफेस्ट म्हणजे दोन वजनं. कस्टमकडे भरलेलंच तुमच्याकडे कसं येईल एवढंच पाहा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: फाइली मोजा, निरुपयोगी फॉर्म गाळा, ओळखी आणि वेळा एक करा, मग एकेका कामाचा कागद पूर्ण बंद करा. पूर्वसूचना, खलाशी, आरोग्याची घोषणा आणि जहाजावरचा साठा, शेवटी माल, असा क्रम.

अधिकारी कागद सोडायला तयार होत नाहीत, याला अनेकदा हट्ट समजलं जातं. मी त्यांच्याशी बोलून पाहिलं आहे. बहुतेकांची भीती एकच असते: उद्या ऑडिट आलं किंवा चौकशी लागली तर माझ्या फाइलीत काय असेल? ही भीती रास्त आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता दिली आहे, पण त्या अधिकाऱ्याला कलम वाचून दाखवून उपयोग नसतो. त्याला त्याच्या वरिष्ठाचं एका पानाचं लेखी पत्र लागतं की अमुक कामासाठी पोर्टलवरची नोंद हीच मूळ नोंद मानावी. ते पत्र मिळवणं हे तुमचं काम आहे आणि सॉफ्टवेअरपेक्षा त्याला जास्त वेळ लागेल. प्रादेशिक बंदर अधिकारी, कस्टमचे सहायक आयुक्त, इमिग्रेशनचे प्रमुख, पोर्ट हेल्थ, अशी प्रत्येकाला वेगवेगळी भेट घ्या. सगळ्यांना एका बैठकीत बोलावलं की कोणीच आधी हो म्हणत नाही.

आता आपल्या किनाऱ्याची खास गोष्ट: वीज आणि नेटवर्क. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागातल्या कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. त्यामुळे 'नेट गेलं तर काय' हा प्रश्न शेवटच्या पानावर ढकलू नका. आम्ही वापरलेली पद्धत सांगतो. ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ पोर्टल मिळालं नाही तर बंदराचा ड्युटी ऑफिसर वहीत वेळ लिहून 'पर्यायी पद्धत सुरू' असं जाहीर करतो. त्या क्षणापासून फक्त तीन गोष्टी घेतल्या जातात: एका पानाची आगमन सूचना, खलाशांची यादी, आरोग्याची घोषणा. फोन, व्हीएचएफ रेडिओ, कागद, जे हाताशी असेल त्यावर. जोडणी परत आल्यावर ठरलेल्या मुदतीत ते सगळं पोर्टलवर जातं आणि वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिलं जातं. पर्यायी पद्धत सुरू करायचा अधिकार एकाच पदाकडे ठेवा. तो अधिकार सगळ्यांना मिळाला की पाऊस नसतानाही नेट जायला लागतं.

बार्जवाल्यांना जपा. खाडीत दिवसाला दोन फेऱ्या मारणाऱ्या बार्जच्या तांडेलाकडून प्रत्येक फेरीला जहाजासारखा पूर्ण संच मागितला तर तो मिळणार नाही, मिळाला तर खोटा मिळेल. मूळ जहाजाच्या कॉल नंबराखाली बार्जची एकदाच नोंद, आणि पुढे फेरीमागे वेळ, माल आणि ड्राफ्ट एवढंच मागावं, असं माझं मत आहे. याला तुमच्या बंदर अधिकाऱ्यांची संमती आधी घ्या. फॉर्म मराठीत हवा. फोनवर उघडणारा हवा.

पासपोर्टच्या प्रतींबद्दल मला मनापासून काळजी वाटते, म्हणून वेगळं लिहितो. आज आपल्या किनाऱ्यावर वीस-बावीस खलाशांचे पासपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमधून फिरतात. त्या गटात कोण कोण आहे हे कोणालाच नीट माहीत नसतं, सोडून गेलेली मुलंही त्यात असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे, पण कायदा नसता तरी हे चुकीचंच होतं. फिलिपिन्सच्या किंवा युक्रेनच्या कुठल्या तरी मुलानं आपल्यावर विश्वासानं ती माहिती सोपवलेली असते. पोर्टल सुरू झालं की त्याच दिवशी हे गट बंद करायला सांगा. तसंच डिजिटल सहीचं. ती डोंगल ड्रॉवरमध्ये पडलेली, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आणि सही करणारे साहेब सुट्टीवर, हे मी कितीतरी ऑफिसांत पाहिलं आहे. सही ज्याची, घोषणेची जबाबदारी त्याची. प्रत्येक एजन्सीत दोन माणसांच्या स्वतंत्र सह्या असाव्यात अशी अट घाला, म्हणजे एक रजेवर गेला तरी काम अडत नाही.

सहा महिन्यांत होईल का? पूर्वसूचना आणि खलाशांची यादी, ही दोन कामं होतील. सगळं होणार नाही, आणि हे व्यवस्थापनाला आजच सांगा. मोठ्या यंत्रणांनाही वेळ लागतो. कस्टमचे सागरी मॅनिफेस्टचे नवे नियम २०१८ मध्ये अधिसूचित झाले आणि पूर्ण अंमलबजावणीची मुदत पुढे अनेकदा वाढवावी लागली. युरोपचा अनुभव तर नीट समजून घेण्यासारखा आहे. तिथे २०१० च्या निर्देशानुसार प्रत्येक देशाला १ जून २०१५ पर्यंत राष्ट्रीय खिडकी उघडायची होती. देशांनी खिडक्या उघडल्याही, पण प्रत्येकाचा साचा वेगळा. जहाजाला रॉटरडॅमला एक पद्धत, हॅम्बुर्गला दुसरी. शेवटी २०१९ मध्ये नवा नियम करून साचे एकसारखे करायचं ठरलं आणि तो लागू व्हायला १५ ऑगस्ट २०२५ उजाडला. आपल्या किनाऱ्यावर नेमका हाच धोका आहे. महाराष्ट्राची अठ्ठेचाळीस लहान बंदरं, त्यातल्या प्रत्येक चालत्या बंदरानं आपला वेगळा एक्सेल काढला तर राष्ट्रीय खिडकी नावालाच राहील. तुम्ही स्वतःचा नमुना बनवू नका. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा माहितीच्या घटकांचा संग्रह आहे, तीच नावं, त्याच व्याख्या घ्या. जमलं तर शेजारच्या दोन बंदरांतल्या तुमच्यासारख्याच मुलांना सोबत घ्या.

छोट्या बंदराला हे झेपत नाही असं कोणी म्हटलं तर अंगोलातल्या लोबितो बंदराचं उदाहरण द्या. सागरी संघटना आणि सिंगापूर यांच्या मदतीनं तिथे अशी खिडकी उभी राहिली.

वेळापत्रक आपल्या ऋतूंप्रमाणे आखा. १ जून ते ३१ ऑगस्ट हा वादळी हंगाम. बार्जची बंदरं जवळजवळ शांत असतात, बारमाही बंदरातही ताण वेगळ्या प्रकारचा असतो. हे तीन महिने तक्ता, पत्रं आणि प्रशिक्षणासाठी वापरा. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडतो, पण लगेच गणपती येतात. त्या दहा-बारा दिवसांत कोकणातला माणूस घरी असतो आणि त्यानं घरीच असावं. नवीन पद्धत त्याच्या आधी सुरू करू नका, निम्मी प्रशिक्षित माणसं नेमकी तेव्हा रजेवर असतील. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिलं काम पोर्टलवर न्या. सुरू करण्याआधीचे आकडे लिहून ठेवायला विसरू नका: नांगर टाकल्यापासून फ्री प्रॅटिकपर्यंत (पोर्ट हेल्थची जहाजाला मिळणारी परवानगी) किती वेळ, पायलट उतरल्यापासून पहिला ग्रॅब (माल उचलणारा पंजा) हलेपर्यंत किती, एका जहाजामागे अधिकाऱ्यांच्या किती फेऱ्या. हे आकडे नसतील तर वर्षानं कोणी 'फरक काय पडला' विचारलं की तुमच्याकडे फक्त मत असेल.

राहिला एजंटांचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी विचारलात, पण तो विचारलात याचं मला बरं वाटलं. मोठ्या एजन्सींना काही होणार नाही, त्यांच्याकडे माणसं आणि संगणक दोन्ही आहेत. घाव बसेल तो एकखांबी तंबूवाल्यांवर. एक माणूस, एक मोटारसायकल, खांद्याला कागदांची पिशवी, आणि रत्नागिरीतल्या प्रत्येक टेबलावर ओळख. त्याच्या कामातला टपालाचा भाग जाईल हे खरं आहे. पण रात्री दोन वाजता आजारी खलाशाला उतरवून सिव्हिलला कोण नेतं, पाण्याचा बार्ज कोण बोलावतं, उधाणात लाँच सोडायची की नाही हे कॅप्टनला कोण समजावतं? ते पोर्टल करणार नाही. त्याला संक्रमणात टिकवायचं असेल तर दोन गोष्टी करा. बंदराच्या ऑफिसात एक संगणक, स्कॅनर आणि बऱ्यापैकी नेट असलेलं टेबल अशा एजंटांसाठी मोकळं ठेवा, पहिलं वर्षभर शुल्क न घेता. आणि तक्ता करायला बसाल तेव्हा त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला शेजारी बसवा. कुठला कागद कोण खरंच वाचतं, हे त्याच्याइतकं बंदरात कोणालाच माहीत नाही.